गॅलरीत म्हैस बांधायची का? जायंट क्लॅमबद्दल जरा सविस्तर

मागच्या महिन्यात ताईचा दुबईवरनं व्हिडिओ कॉल आलेला, आई बोलत बसलेली आणि मागं दाजी त्यांच्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकसमोर उभे दिसले, मी म्हटलं दाजी जरा फोन तिकडं फिरवा की. तळाला वाळूवर जायंट क्लॅम, म्हणजे एक भलामोठा शिंपला बसलेला, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाही एवढा, आणि त्याच्या दोन शिंपांच्या मधनं नऊवारीच्या निऱ्यांसारखी निळी-हिरवी झालर बाहेर आलेली. दाजींनी पाण्याला हातसुद्धा लावला नाही, नुसता वरनं हात फिरवला, सावली पडली आणि ती सगळी झालर सर्रकन आत. आई म्हणाली, "अगंबाई, ह्याला दिसतं व्हय!"

ती क्लिप मी कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या ग्रुपवर टाकली आणि तिथनं सगळं सुरू झालं. एका दोस्ताचा लगेच मेसेज, "भावा नाद खुळा, असला एक आपल्याला पाहिजे, कुठं मिळतोय? आणि ह्याला खायला काय घालायचं?" मी दोन ओळीत उत्तर द्यायला बसलो आणि दोन ओळीत बसेना, म्हणून इथं लिहितोय. माझा स्वतःचा खाऱ्या पाण्याचा टँक सात वर्षं आहे, पण त्यात मासे आहेत, क्लॅम नाही. क्लॅमचा जो काही अनुभव तो दाजींच्या टँकचा, म्हणजे तिथं जाऊन राहिलो ते तीन आठवडे आणि बाकी सगळं फोनवरनं केलेलं डॉक्टरकीचं काम.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. हो, दिसतं, पण आपल्यासारखं नाही. त्या झालरीच्या कडेनं शेकडो बारीक डोळे असतात, टाचणीनं भोक पाडावं तसले, भिंग वगैरे काही नाही. उजेड, सावली आणि हालचाल एवढंच कळतं. समुद्रात वरनं मासा आला तर सावली पडते, ह्याला तेवढं पुरतं. आणि जुन्या गोष्टीत पाणबुड्याचा पाय धरून ठेवणारा शिंपला असतो ना, ती थापच, कारण सगळ्यात मोठी जी जात आहे ती पूर्ण वाढल्यावर तोंडसुद्धा धड मिटू शकत नाही, झालर थोडी बाहेरच राहते.

आता मोठा म्हणजे किती मोठा. आपण मालवणी हॉटेलात तिसऱ्या खातो त्यांच्याच लांबच्या भाऊबंदातला हा प्राणी, दोन शिंपांचा. सगळ्यात मोठी जात ट्रायडॅक्ना गिगास, ती सव्वा मीटरपर्यंत जाते आणि वजन २०० किलोच्या वर, म्हणजे दोन पैलवान एका शिंपल्यात. शंभर वर्षांच्या आसपास जगतो असं मानतात. त्याच्या खालोखाल डेरासा, साठ सेंटीमीटरपर्यंत. स्क्वामोसा चाळीसच्या आसपास, त्याच्या शिंपेवर कौलं रचल्यागत खवले असतात. मॅक्झिमा नावाला मॅक्झिमा पण तीस-पस्तीसच्या वर क्वचितच. आणि सगळ्यात लहान क्रोसिया, पंधरा सेंटीमीटर, तो प्रवाळाच्या खडकात स्वतःला कोरून बसतो.

दुकानात मात्र हे सगळे सारखेच दिसतात, पाच-सात सेंटीमीटरची पोरं, काचेच्या ट्रेमध्ये ओळीनं. इथंच माणूस फसतो. रेडकू गोंडस असतं म्हणून गॅलरीत आणून बांधलं तर चार वर्षांनी गॅलरीत म्हैस असते, आणि म्हैस काय दारातनं बाहेर निघत नाही. डेरासा वर्षाला साधारण पाचेक सेंटीमीटर वाढतो, गिगास त्याहून जोरात. दाजींनी २०२१ साली ७ सेंटीमीटरचा डेरासा आणलेला, आज तो २८ आहे आणि अजून अर्धापण झालेला नाही.

बरं, खायला काय घालायचं. ह्याच एका प्रश्नात अख्खा क्लॅम आहे म्हणा ना.

क्लॅमची ती झालर म्हणजे शेत आहे. तिच्या आत सूक्ष्म शेवाळं राहतं, एकेक पेशीचं, त्याला झूझॅन्थेली म्हणतात, प्रवाळात पण हेच असतं. फरक असा की प्रवाळात ते पेशीच्या आत घुसून बसतं आणि क्लॅममध्ये त्याच्यासाठी वेगळ्या नळ्या असतात, पोटापासनं निघून झालरीभर पसरलेल्या, शेतात ठिबकच्या नळ्या टाकाव्यात तशा. शेवाळं ऊन खाऊन साखर करतं आणि त्यातला मोठा वाटा मालकाला देतं. मालक काय देतो, तर जागा, संरक्षण, कार्बन डायऑक्साइड आणि खत. खत म्हणजे ह्याचीच घाण, अमोनिया वगैरे, जी नाहीतर बाहेर टाकायलाच लागली असती. आपल्याकडं वाट्यानं शेती करायला देतात ना, रान एकाचं, राबणारा दुसरा, पीक निम्मं निम्मं, तसला व्यवहार आहे हा, आणि लाखो वर्षं कोर्टात न जाता चाललाय.

गंमत म्हणजे हे शेवाळं जन्माला येताना बरोबर नसतं. अंड्यातनं निघालेलं पिल्लू आधी पाण्यात तरंगतं, आठवडा-दहा दिवसांनी तळाला बसतं आणि मग पाण्यातनं गिळलेल्यातलं थोडं शेवाळं न पचवता ठेवून घेतं. म्हणजे प्रत्येक क्लॅम स्वतःचा वाटेकरी स्वतः शोधतो.

आणि तो निळा-जांभळा-हिरवा रंग, ज्याच्यासाठी लोक वेडे होतात, तो शेवाळ्याचा नाहीच, शेवाळं मातकट तपकिरी असतं. झालरीत चकाकणाऱ्या पेशी असतात, त्या नको तो उजेड परत फेकतात आणि हवा तो आत खोलवर पसरवतात, म्हणजे खालच्या थरातल्या शेवाळ्यालापण ऊन पोचतं आणि वरचं करपत नाही. आपल्याला दिसतो तो परत फेकलेला उजेड.

शिवाय हा प्राणी पाणी गाळूनपण खातो. एका मोठ्या फटीतनं पाणी आत घेतो, त्यातलं बारीकसारीक खातो आणि दुसऱ्या नळीसारख्या तोंडातनं बाहेर सोडतो. पाच सेंटीमीटरपेक्षा लहान असताना हे गाळलेलं खाणं जास्त महत्त्वाचं, म्हणून एवढा लहान क्लॅम घ्यायचाच नाही, रोज फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळं, पाजत बसायला लागतं आणि तरी मरतो. मोठा झाला की ऊन आणि माशांची शी एवढ्यावर भागतं. हो, शीच. नवीन लोकांची इथं एक मोठी चूक होते, पाणी इतकं चकाचक ठेवतात की नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि मग क्लॅम फिका पडत जातो आणि ह्यांना कळत नाही का. अरे खताशिवाय ऊस येतो का? ५ ते १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत पाच ते दहा भाग, नायट्रेट असलेलं बरं असतं. मोठा क्लॅम तर उलट टँकमधलं नायट्रेट ओढून घेतो, दाजींचा क्लॅम वीसच्या वर गेल्यापासनं त्यांना मासे जरा जास्तच खाऊ घालायला लागतात.

म्हणजे दोस्ता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की खायला लाईट घालायची. आणि ती साधी नाही. उघड्यावर भर दुपारी उन्हाची ताकद 'पार' नावाच्या मापात २००० च्या आसपास असते. क्लॅमला एवढी नको, पण मॅक्झिमा आणि क्रोसियाला ३०० च्या वर तरी पाहिजे, डेरासा-स्क्वामोसा दोनशे-अडीचशेवर खूश असतात. मासे ठेवायचा जो साधा एलईडी पट्टा असतो, माझ्याकडं आहे तसला, त्याच्याखाली वाळूवर मोजलं तर ५० सुद्धा येत नाही. रीफसाठीची, म्हणजे प्रवाळ पाळायच्या टँकची लाईट म्हणजे वेगळंच प्रकरण, तिची किंमत ऐकून माझ्या बायकोनं विचारलं होतं की ही लाईट आहे का स्कूटर. कुणीतरी म्हणेल खिडकीत ठेवू, फुकटचं ऊन आहे. कोल्हापुरात जूनपासनं सप्टेंबरपर्यंत पापड वाळत नाहीत, क्लॅम काय जगणार. आणि उन्हाळ्यात त्याच खिडकीत पाणी उकळायला लागेल.

तापमान २४ ते २७ पाहिजे. तीसच्या वर काही दिवस गेलं की वाटेकऱ्याचं आणि मालकाचं भांडण होतं, शेवाळं बाहेर पडतं आणि झालर मधनं पांढरी व्हायला लागते. समुद्रातपण हेच होतं, लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ ला पाणी तापलं तेव्हा प्रवाळ असाच पांढरा पडला. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये माझ्या टँकचं पाणी नुसतं ठेवलं तर ३१ ला जातं. पंखा लावून दोन-तीन डिग्री उतरतं कारण पाणी उडतं, पण पावसाळ्याच्या तोंडाला हवा दमट झाली की पंखा नुसताच फिरतो. मग चिलर, म्हणजे पाणी गार करायचं यंत्र घ्या. चिलरचं बिल आणि चिलरची घरघर दोन्ही घरात ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

पाण्याचं सांगतो, कारण माझा आवडता भाग हा आहे. कोल्हापूरला समुद्र नाही, रत्नागिरीहून कॅन भरून आणणारे महाभाग मी बघितलेत, आंबा घाट उतरून परत चढून. दोन वेळा होतं, तिसऱ्या वेळी कंटाळतात. त्यामुळं पाणी घरीच करायचं. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो, पण डब्यातलं मीठ नव्हे, टँकसाठीचं तयार मिश्रण, ज्यात कॅल्शियम मॅग्नेशियम सगळं समुद्राच्या हिशोबात असतं. आणि पाणी आरओचंच. थेट पाईपलाईनचं असू दे नाहीतर बोअरचं, त्यात काय काय येतं त्याचा नेम नाही, आणि तांब्याचा अंशसुद्धा शिंपल्याला विष आहे. पितळेचा कॉक नको, आणि माशांना पांढरे ठिपके आले की लोक तांब्याचं औषध टाकतात ते तर मुळीच नको, मासा वाचेल आणि क्लॅम जाईल.

तर क्लॅम शिंपा कशाची करतो? पाण्यातल्या कॅल्शियमची आणि कार्बोनेटची. म्हणजे खडूच म्हणा, चुनखडी. जेवढा वाढतो तेवढं पाण्यातनं ओढतो आणि आपण ते परत घालायचं. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे त्या कार्बोनेटचं माप, ८ ते १० डीकेएच (हे तिचं एकक), ह्या तिघांत अल्कलिनिटी आधी ढासळते म्हणून रोज तीच मोजायची. दाजींच्या टँकची गोष्ट सांगतो. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, पाणी धरा ५०० लिटर. एका रात्री मी तिथं असताना आम्ही मोजली तर साडेआठ, दुसऱ्या रात्री त्याच वेळेला सात पूर्णांक नऊ. दाजी म्हणाले किट बिघडलंय. मी म्हटलं थांबा, हिशोब करू. १०० लिटरमधनं एक ग्रॅम चुनखडी गेली की अल्कलिनिटी ०.५६ नी उतरते, हे पक्कं गणित आहे, रसायनशास्त्राचं. मग ५०० लिटरमध्ये ०.६ उतरली म्हणजे पाच ग्रॅमच्या थोडी वर. म्हणजे क्लॅम, प्रवाळ आणि खडकावरचा चुनखडी शेवाळ्याचा जांभळा थर मिळून चोवीस तासांत पाच ग्रॅम दगड बांधतात! वर्षाचं पावणेदोन किलोच्या वर झालं. दाजी ताईला हाक मारून सांगत होते, "अगं ऐक, हा गडी रोज बांधकाम करतोय!" ताई म्हणाली, करू दे, परवानगी काढली का विचारा.

आणि हे परत घालायचं कसं, तर ह्याचा एक उपाय आपल्या आज्जीच्या काळातला आहे. चुन्याची निवळी. खरंच. परदेशी लोक जर्मन नावानं काल्कवासर म्हणतात आणि जगभर रीफवाले वापरतात, पण ती आपली निवळीच. चुना पाण्यात ढवळायचा, झाकून ठेवायचा, खाली साका बसला की वरचं नितळ पाणी घ्यायचं. लिटरभर निवळीत दीडेक ग्रॅम चुना विरघळलेला असतो. पाच ग्रॅम बांधकामाला साधारण सव्वादोन-अडीच लिटर निवळी लागते, आणि एवढ्या टँकमधनं रोज चारेक लिटर पाणी उडतंच, मीठ मागं राहतं आणि गोडं पाणी उडतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. म्हणजे त्या भरीतच निवळी घालायची, एका दगडात दोन पक्षी. फक्त थेंब थेंब आणि शक्यतो रात्री, कारण निवळीचा पीएच बाराच्या वर असतो, एकदम तांब्याभर ओतली तर टँकचा सत्यानाश. आणि चुना शुद्ध, लॅबचा किंवा खाण्याच्या दर्जाचा. पानपट्टीवरची चुन्याची ट्यूब नको, मला विचारलंय एकानं म्हणून लिहितोय.

लाईट, पाणी, थंडावा सगळं जमलं असं धरा. आता लाईट गेली की काय, म्हणजे महावितरणची. पावसाळ्यात वादळ झालं, झाड तारेवर पडलं, चार-पाच तास गेली. क्लॅमला अंधार चालतो, रात्र असतेच की, पण पाणी हललं नाही तर ऑक्सिजन संपतो आणि टँकमधल्या सगळ्यांचाच जीव गुदमरतो. माझ्याकडं इन्व्हर्टर होता, आहे, पण बॅटरीत डिस्टिल वॉटर घालायचं सहा महिने विसरलेलो, रात्री दोनला पंप बंद पडला आणि मी गाढ झोपेत, सकाळी दोन मासे तरंगत होते. तेव्हापासनं सेलवर चालणारा हवेचा पंप भिंतीला टांगलाय, स्वस्तातली वस्तू.

क्लॅम ठेवायचा कुठं, ह्यातपण जातीजातीत फरक. क्रोसिया आणि मॅक्झिमा खडकावर, डेरासा, स्क्वामोसा, गिगास खाली वाळूवर. पाण्याचा झोत थेट अंगावर नको, झालर दुमडते आणि मग तो ती काढतच नाही. पाणी असं हललं पाहिजे की झालर वाऱ्यावरच्या पडद्यासारखी हलकी डुलते. नवीन आणलेला लगेच लाईटच्या खाली ठेवू नका, दुकानात कमी उजेडात महिनाभर राहिलेला असतो, पंधरा दिवस हळूहळू वाढवत न्या.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती नीट ऐका. क्लॅमच्या बुडाशी एक भोक असतं, तिथनं चिवट धागे निघतात, त्यानं तो खडक धरून बसतो. धागे कापले तर परत येतात, पण ओढले तर आतली ग्रंथीच उपटून येते आणि मग तो वाचत नाही. दाजींचा सगळ्यात पहिला क्लॅम मॅक्झिमा होता, गडद निळा, शाईचा डाग पडल्यागत. दुकानातल्या पोरानं तो खडकावरनं काढताना दोन हातांनी धरून चिंच पाडल्यासारखा हिसका दिला, दाजींनी बघितलं पण तेव्हा त्यांना काही माहीत नव्हतं. घरी आणला, चार दिवस उघडला, सुंदर दिसला, मग सैल पडायला लागला. पाणी घ्यायची फट जांभई दिल्यागत ताणून उघडी, सावली पडली तरी मिटायला उशीर. दहाव्या दिवशी गेला. नंतर शिंपा उघडून बघितल्या तर बुडाशी मांस फाटलेलं. तेव्हापासनं दाजी क्लॅम घ्यायला जाताना खिशात पातळ ब्लेड घेऊन जायचे, म्हणायचे मी कापतो, तुम्ही हात लावू नका. नाहीतर खडकासकट विकत घ्यायचा, हे सगळ्यात चांगलं.

घेताना बघायचं काय, तर दोन गोष्टी. सावली टाकून बघा, झटकन मिटला पाहिजे. आणि शिंपेची वरची कड बघा, तिथं पांढरीशुभ्र नवी रेघ दिसली तर तो वाढतोय, सिमेंटचा ताजा थर दिसावा तशी. ती रेघ हा क्लॅमच्या तब्येतीचा सगळ्यात खरा दाखला आहे.

शत्रू पुष्कळ. तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी असतात, दिवसा बुडाखाली लपतात, रात्री वर येऊन कडेला बसून सोंड खुपसून रस पितात. एकदोन असल्या तर काही नाही, पण भराभर वाढतात. मी तिकडं असताना रात्री अकराला टॉर्च मारून बघितलं तर डेरासाच्या कडेला सात जणी ओळीत बसलेल्या, जत्रेत रसवंतीच्या बाकड्यावर बसल्यागत. टबात टँकचंच पाणी घेतलं, जुन्या टूथब्रशनं शिंपेचा एकेक खवला घासला, कारण नुसत्या गोगलगायी काढून उपयोग नाही, त्यांची जेलीसारखी अंडी खवल्यांच्या खाली असतात. असं तीन आठवडे, दर तीन दिवसांनी. नंतर सिक्सलाईन रॅस नावाचा छोटा मासा सोडला, तो असल्या गोगलगायी टिपतो. दुसरा एक रोग आहे ज्यात झालर एका बाजूनं चिमटा काढल्यागत आखडते, त्याला गोड्या पाण्याची आंघोळ घालतात, आरओचं पाणी, तापमान आणि पीएच टँकशी जुळवून, वीस-पंचवीस मिनिटं. ऐकायला अघोरी वाटतं पण क्लॅम तोंड मिटून सहन करतो आणि पुष्कळ वेळा बरा होतो. मासेपण बघून ठेवा. एंजलफिश, बटरफ्लायफिश यांना ती झालर म्हणजे कोथिंबिरीची जुडी वाटते, येताजाता एक चावा. मग क्लॅम दिवसभर मिटून बसतो, मिटला की ऊन नाही, ऊन नाही की उपाशी. चाव्यानं मरत नाही, उपासानं मरतो.

मोठ्या क्लॅमची खरी भीती मात्र वेगळी आहे, ती म्हणजे तो मरणं. लहान क्लॅम मेला तर वाईट वाटतं. पाच-सहा किलोचं मांस-शिंपा असलेलं जनावर रात्रीत मेलं आणि सकाळी आपण ऑफिसला निघून गेलो तर संध्याकाळपर्यंत ५०० लिटर पाण्यात अमोनिया इतका होतो की टँकमधलं बाकीचं काही शिल्लक राहत नाही. आणि जिवंतपणीपण तो एक दिवस तसाच दणका देऊ शकतो. क्लॅम नर आणि मादी दोन्ही असतो, आधी शुक्राणू सोडतो, मग अंडी. मोठा गिगास एका वेळेला कोट्यवधी अंडी सोडतो. समुद्रात ते वाहून जातं. टँकमध्ये सकाळी उठून बघावं तर पाणी ताकासारखं, मासे पृष्ठभागाला येऊन धापा टाकतायत. मग पाणी गाळायचा कोळसा (कार्बन), फेसातनं घाण काढणारा स्किमर, भराभर पाणी बदलणं, त्या दिवशी सुट्टीच टाकायची.

आता दोस्ताच्या पहिल्या प्रश्नाकडं, कुठं मिळतो. भावा, आपल्याकडं मॅक्झिमा, स्क्वामोसा आणि घोड्याच्या खुरासारखा दिसणारा हिप्पोपस हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शेड्यूल एक मध्ये आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. लक्षद्वीप-अंदमानातनं काढलेला क्लॅम घरात सापडला तर तीन ते सात वर्षं आत. जिवंतच नाही, मेलेली शिंपासुद्धा, त्यामुळं कुणी समुद्रावर फिरायला गेल्यावर शोपीस म्हणून मोठी शिंपा विकायला लागला तर लांबनंच नमस्कार. बाहेरच्या देशातनं येणारा शेतीत वाढवलेला क्लॅम असतो, पलाऊसारख्या बेटांवर १९८० च्या दशकापासनं त्यांची पैदास होते, पण सगळेच जायंट क्लॅम वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइटिस' करारात आहेत, प्रत्येकाला कागद लागतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर असला प्राणी बाळगायचा तर इथं नोंदणीपण करायला लागते. मला दोनदा विचारणा झालीये, पिशवीत घालून घरपोच देतो, कागदाचं काय एवढं मनावर घेता म्हणून. घेतो मी मनावर. म्हणून माझ्या टँकमध्ये मासे आहेत आणि क्लॅम दाजींच्या घरी आहे, त्यांच्याकडं तिथला कागद आहे, ताईनं तो फाईलला लावून घराच्या करारनाम्याशेजारी ठेवलाय.

आणि माझ्याकडं जागापण नाही, हे खरं दुसरं कारण. ५०० लिटरचा टँक म्हणजे काच, पाणी, खडक धरून सातशे किलो. माझा आहे तो निम्म्याहून लहान, त्याचं स्टँड मी उद्यमनगरात दीड इंची चौकोनी पाईपमध्ये वेल्डिंग करून घेतलेलं, वेल्डर म्हणाला होता हे काय मंदिराचं शिखर ठेवताय का. तरी वरच्या मजल्यावर ठेवायला मी इंजिनिअरला विचारूनच ठेवला.

परवा रविवारी दाजींचा परत फोन आला. आवाज जरा उतरलेला. डेरासा आता २८ सेंटीमीटर, झालर उघडली की पस्तीसच्या वर, आणि टँकची रुंदी साठ. मागच्या खडकावरच्या प्रवाळावर त्याची सावली पडायला लागलीये आणि एका बाजूची झालर काचेला घासते. ताईनं सांगितलंय की ह्याच्यापेक्षा मोठा टँक आणायचा तर आधी सोफा बाहेर काढावा लागेल आणि सोफा कुठंही जाणार नाही. म्हणून आता त्याला घर शोधणं चाललंय. मी म्हटलं दाजी, गाभण म्हैस विकायची म्हटलं की गंगावेशीत दहा गिऱ्हाईकं उभी राहतात. ते म्हणाले, "इथं तीन आली. दोघांना फुकट पाहिजे होता. तिसरा भला माणूस, टेप घेऊनच आला, क्लॅम मोजला, खूश झाला, मग मी त्याला विचारलं तुमचा टँक किती रुंद, तर म्हणाला दीड फूट."